आत्याच्या गंगेवर चाललेलं इंजिन

आमच्या घरात वाफेचं इंजिन एकदाच चाललं आणि त्या दिवशी आत्या मरायची राहिली.

मी सोलापुरात गिरणीत कारकून होतो. होटगीच्या स्टेशनावर इंजिनं बघून बघून, तसंच हातभर लांबीचं इंजिन घरी करायचं वेड डोक्यात शिरलं. परसातली सरपणाची खोली रिकामी करून मी कारखाना थाटला. सरपण गेलं स्वयंपाकघरात.

"मग मी कुठं बसू?" बायको म्हणाली.

"सरपणावर बस की थोडे दिवस." (लग्नाला दोनच वर्षं झाली होती. तेव्हा असं बोलायची हिंमत होती.)

चाकं झाली, दट्ट्या झाला, बॉयलर काही जमेना. पत्र्याला कितीही डाख द्या, वाफ फुसकन् बाहेर! अशात माझी नजर देवघरात गेली. तिथं आत्याचा काशीहून आणलेला गंगेचा गडू होता. तांब्याचा, गोल गरगरीत, तोंड पक्कं डाखलेलं. मरताना दोन थेंब तोंडात पडावेत म्हणून तिनं तो वीस वर्षं जपला होता. पण आत्या ठणठणीत होती, घाई कसली? मी गडूला भोक पाडून नळी बसवली. आतलं पाणी सांडणं पाप, म्हणून तेच ठेवलं.

चौथ्या दिवशी आत्याला सणसणून ताप भरला. मी तेव्हा इंजिनाखाली स्पिरिटचा दिवा पेटवून बसलो होतो.

"माझं काही खरं नाही. गडू आणा," आत्या कण्हली.

देवघरात गडू नाही. घरभर शोधाशोध झाली आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा धुणंभांडी करणाऱ्या सखूबाईकडे वळल्या.

"मला वं काय करायचाय गडू?" ती रडवेली झाली. "मी काय मराया टेकली न्हाय. माझी झडती घ्या की."

ते ऐकून मला कारखान्यात बसवेना. तापलेलं इंजिन फडक्यात धरून मी आत्याच्या खोलीत गेलो.

"सखूबाईनं नाही, मी घेतला. हा घ्या."

बोटं पोळत होती, म्हणून इंजिन फरशीवर टेकवलं. तेवढंच निमित्त झालं. शिट्टी मारत ते सुटलं आणि वाफ सोडत थेट आत्याच्या खाटेखाली शिरलं! मरणाच्या दारातली आत्या तिथून एका उडीत ट्रंकेवर चढली.

"अरे मेल्या, काय आणलंस हे?"

"तुमची गंगाच आहे, आत्या."

वैद्यबुवा आले तेव्हा आत्या घामानं निथळत, ट्रंकेवरून मला शिव्या देत होती. त्यांनी नाडी धरली. "ताप उतरलाय. औषध कुणाचं?"

आत्यानं खाटेखाली बोट दाखवलं.

मी सखूबाईची माफी मागितली. कारखाना बंद झाला, सरपण परत आलं. आत्यानं मला नवा गडू आणायला काशीला धाडलं, वर पहाऱ्याला बायको दिली. परतीच्या वाटेवर तिनं गडू क्षणभर खाली ठेवला नाही. गाडीत समोर बसलेल्या म्हातारबुवांना तिची दया आली.

"पोरी, हात अवघडले असतील. यजमानांकडे दे की जरा."

"नको," ती म्हणाली. "ते हुशार आहेत."