दिवाळीची आंघोळ आणि छातीवरच्या रेघा

ऑपरेशन झालं की सुटले, असं मला वाटलं होतं. आमच्या मळ्यात भेंडीच्या झाडाला कीड लागली की ते उपटून बांधावर फेकतात. माझा डावा स्तन काढला तेव्हा मीही तसाच विचार केला. कीड मातीतही राहते, हे शेतकऱ्याच्या बायकोला डॉक्टरांनी सांगावं लागलं.

आधी केमो झाली. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. पाहुणे तेवढे जात नव्हते. मग किरणांचे शेक सुरू झाले, म्हणून मुक्काम अकोल्याला, धाकट्या भावाकडे. मशीनवरच्या माणसाने माझ्या छातीवर जांभळ्या शाईने रेघा आखल्या, मिस्त्री भिंतीवर आखतो तशा. म्हणाला, "ताई, या पुसू देऊ नका. तेल नाही, साबण नाही. मशीन यांच्यावरच लावतो आम्ही, अन् या बाजूला खाली हृदय आहे." तेव्हापासून माझी आंघोळ कमरेखालीच. वर ओलं फडकं, तेही रेघा चुकवून. स्वतःच्याच वासाची लाज वाटायची.

दिवाळीत मशीन बंद, म्हणून उंद्रीला घरी आले. नरक चतुर्दशीच्या पहाटे मोठ्या जाऊबाई तेलाची वाटी आणि उटणं घेऊन न्हाणीत हजर.

"मोठ्या बाई, मले नाही चालत."

"काऊन? दिवाळीले बिनआंघोळीची राह्यते का कोणी? नरकात जाशीन."

"तिथूनच तर येऊन राह्यली."

त्या हसल्या. मी म्हटलं, "बरं, फक्त पाठ." पाठीवर कोमट तेलाचा हात पडला आणि मी डोळे मिटले. कित्येक महिन्यांत मला सुई टोचण्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. आमचे हेसुद्धा काचेची बरणी ठेवल्यासारखे अंतर राखून निजत. हात पाठीवरून खांद्यावर आला, काखेतून पुढे गेला. जाऊबाईंना माझी जखम बघवत नसे; तोंड भिंतीकडे करून त्यांनी उटणं चोळलं आणि वर तांब्या ओतला. डोळे उघडले, तर फरशीवरून जांभळं पाणी वाहत होतं.

"हे काय वं?"

मी सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मी मारलं का वं तुले?"

"अजून नाही," मी म्हटलं. एरवी माझ्या बोलण्यावर सगळं घर हसतं. त्या दिवशी मलाही हसू आलं नाही.

दिवाळी सरली तशा त्या माझ्यासोबत अकोल्याला आल्या. मशीनवरचा माणूस रागावला. पुन्हा स्कॅन, पुन्हा रेघा, मधले दिवस वाया. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "या खंडात आत काही वाढलं असेल का?"

"इतक्याने सहसा फरक पडत नाही. राहिलेले शेक पूर्ण करू."

"आणि आत काही राहिलंच असेल तर?"

"ते आज कोणालाच सांगता येणार नाही."

जाऊबाईंनी ते ऐकलं आणि उंद्रीला जायचं नावच काढलं नाही.

शेवटी शेवटी कातडी काळी पडली, काखेत सोलली. पदराचा स्पर्शही सोसवेना. जाऊबाई रोज सकाळी म्हणायच्या, "दाखव." एकेक रेघ जागेवर आहे का ते बघायच्या. जखमही दिसायचीच, आता त्या तोंड फिरवत नव्हत्या. मग दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसायच्या आणि दुरूनच माझ्या छातीवर फुंकर घालायच्या.