अल्विन टीसडेल ड्रायर निवडतो

अल्विन टीसडेल कधी काही विकत घेत नसे. तो निष्कर्षावर येत असे.

किटलीच्या निष्कर्षाला चार महिने लागले. गादीच्या निष्कर्षाला दोन वर्षे लागली. तोवर जुन्या गादीची एकेक स्प्रिंग नोरीनच्या पाठीला ओळखीची झाली होती. नोरीनशी लग्न करण्याच्या निष्कर्षाला सहा वर्षे लागली. अंगठी देताना तो म्हणाला होता, "मी सगळा विचार केला. तूच बरी आहेस." ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिला ते प्रेम वाटले. चव्वेचाळीस वर्षे झाली, अजून तिची पक्की खात्री पटलेली नव्हती.

वेअरडेलच्या खोऱ्यात, चढावरच्या दगडी घरांच्या रांगेत, शेवटचे घर त्यांचे. अल्विनने चौतीस वर्षे पाणीखात्यात मीटर तपासले. निवृत्त झाला तेव्हा तपासायला घर उरले, आणि घरात नोरीन.

त्या सप्टेंबरात दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नोरीनची छाती तपासली. बराच वेळ ऐकले. मग कानातून नळी काढून विचारले, "कपडे कुठे वाळवता?"

"घरातच," नोरीन म्हणाली. "बाहेर घातले की पाऊस येतो."

"घरात म्हणजे कुठे?"

"बैठकीत स्टँडवर. जिन्याच्या कठड्यावर. चादरी दारांवर."

नर्सबाई अल्विनकडे वळल्या. "चादरीतलं पाणी जातं कुठे, टीसडेल?"

पाण्याबद्दल अल्विनला कोणी बऱ्याच वर्षांत विचारले नव्हते. तो सरसावून बसला. "हवेत जातं. मग भिंतीवर बसतं."

"आणि तिथून यांच्या छातीत. कपाटामागे बुरशी आहे ना? असणारच. गेल्या जानेवारीत या अकरा दिवस इस्पितळात होत्या. येत्या जानेवारीत मला त्या तिथे नकोत. थंडी पडायच्या आत ओले कपडे घराबाहेर काढा. आणि घर जरा गरम ठेवा."

घरी येताना नोरीन म्हणाली, "ड्रायर घेऊ. गॅरेजमध्ये ठेवू."

गॅरेज रिकामेच होते. म्हणजे गाडी नव्हती. त्या रांगेत सगळ्यांच्याच गाड्या पावसात उभ्या असत आणि रंगाचे जुने डबे छपराखाली राहत.

"घेऊ," अल्विन म्हणाला.

'नाही' म्हटला असता तर नोरीन भांडली असती. 'घेऊ' म्हटल्यावर काय करायचे, ते तिला चव्वेचाळीस वर्षांत कळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला तो वही घेऊन आला. टोस्ट गार होईपर्यंत बोलला.

"तीन जाती आहेत. पहिली वाफ नळीतून बाहेर टाकते. दुसरी वाफेचं पाणी करून टाकीत साठवते. तिसरी तीच हवा फिरवून फिरवून वापरते, उष्णता वाया घालवत नाही. विजेला सगळ्यांत कमी तिसरी."

"आणि थंड गॅरेजमध्ये चालते कुठली?"

"तोच तर अभ्यासाचा विषय आहे."

"डॉटची चालते."

डॉट पीअर्ट शेजारी राहत असे. विधवा होती. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे तीनशे पोरांचे जेवण शिजवले होते, त्यामुळे कुठलाही प्रश्न तिला मोठा वाटत नसे. तिचा ड्रायर वीस वर्षांचा होता, तिच्या गॅरेजमध्ये, भिंतीतून नळी काढलेला. बाहेर हिमवर्षाव असला तरी तो आत गुरगुरत असे आणि नळीतून आगगाडीसारखी वाफ सोडत असे.

"डॉटचा पहिल्या जातीचा," अल्विन म्हणाला. "त्याला भिंतीला भोक पाडावं लागतं."

तो हे इतक्या हळू म्हणाला की नोरीनला सगळे कळले.

गॅरेजची ती भिंत अल्विनने अठ्ठ्याऐंशी साली स्वतः बांधली होती. तीन उन्हाळे लागले. एकेक ठोकळा पाणसळ लावून बसवला. येता-जाता तो तिच्यावरून हात फिरवत असे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याचे डोळे कोरडे होते. एकदा मागे घेताना दूधवाल्याची गाडी त्या भिंतीला घासली, तेव्हा अल्विन दिवसभर भिंतीपाशी बसून राहिला होता.

डॉटला हे समजले तेव्हा ती कुंपणावरून ओरडली, "अरे अल्विन, चार इंचांचं भोक आहे! तुझं पोट नाही फाडत कोणी!"

"विजेचा प्रश्न आहे, डॉट. भोकाचा नाही."

"हो का? मग भिंतीकडे का बघतोयस?"

त्याने गॅरेजमध्ये खिळा ठोकून तापमापक टांगला. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला तो पायजम्यावर कोट चढवून जाई, आकडा बघे, वहीत लिही. सप्टेंबर गेला. ऑक्टोबर लागला. जिन्याच्या कठड्यावर टॉवेल होते. बैठकीच्या दारावर चादर होती. ती बाजूला सारून आत यावे लागे, एखाद्या तंबूत शिरावे तसे. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होते.

ऑक्टोबरअखेर हिवाळ्यासाठी घड्याळे तासभर मागे केल्याशिवाय घर तापवायचा बॉयलर लावायचा नाही, हा त्या सगळ्या रांगेचा नियम. टीसडेलांकडे त्याला पोटनियम होता: लावल्यावरसुद्धा चौदा अंशांच्या वर न्यायचा नाही. थंडी वाजणे हा अल्विनच्या मते कपड्यांचा दोष होता.

घड्याळे मागे झाली. त्याच आठवड्यात नोरीनची छाती वाजू लागली. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबे आणि कुणीतरी आत बारीक शिट्टी घालते आहे ती ऐके.

"अल्विन, सुरू झालं बघ."

"पंधरा तारखेपर्यंत आकडे पूर्ण होतील."

"माझे की गॅरेजचे?"

तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

पंधरा नोव्हेंबरला निष्कर्ष आला. तिसरी जात. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिले होते, पाच अंशांखाली हे यंत्र वापरू नये. अल्विनने ते दोनदा वाचले होते. गॅरेजची सरासरी साडेनऊ होती.

ड्रायर घेऊन दोन माणसे आली. त्यातल्या थोराड माणसाने गॅरेजमध्ये पाऊल टाकले आणि हातांवर फुंकर मारली.

"काका, इथे ठेवायचंय? ह्याला?"

"का?"

"ह्याला गारठा सोसत नाही. इकडच्या गॅरेजांतून आम्ही ही उचलून परत नेतो. नळीवालं घ्या. भिंत मस्त आहे तुमची, भोक पाडायला पाच मिनिटं."

अल्विनचा चेहरा उतरला. पण त्याने वही उघडली. "सरासरी साडेनऊ अंश."

तो माणूस नोरीनकडे बघून म्हणाला, "मग सरासरी ज्या दिवशी येईल त्या दिवशी धुणं काढा, काकू."

सरासरीत सप्टेंबर होता. उन्हात बसून लोक आइस्क्रीम खात होते ते दिवस त्यात होते. चौतीस वर्षे आकडे तपासलेल्या माणसाला हे दिसले नाही. किंवा दिसले, आणि भिंतही दिसली.

डिसेंबरच्या चार तारखेला दहिवर गोठले. गॅरेजमध्ये दोन अंश. नोरीनने चादरी घातल्या. यंत्र पाच तास फिरले. चादर गेली तशीच बाहेर आली; फक्त प्रवास झाला. दुसऱ्या खेपेला लाल दिवा लागला आणि यंत्र मुकाट उभे राहिले.

अल्विन त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला. त्याच्या पांढऱ्या अंगावर तळहात ठेवला.

"गारठलंय बिचारं," तो म्हणाला.

नोरीन दारात उभी होती. हातावर ओली चादर. तिला खोकला आला, लांब, वाकून येतो तसा. 'बिचारं' हा शब्द तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो शब्द आपल्यापर्यंत पोचतो का, म्हणून ती जराशी थांबली. नाही पोचला. ती आत गेली आणि चादर पुन्हा दारावर घातली.

मग अल्विन कामाला लागला. पाहुण्यांच्या खोलीतली, नोरीनच्या आईने शिवलेली गोधडी आणून त्याने यंत्राला पांघरली. त्याने भागेना. त्याच दुपारी तो गाडी काढून गावात गेला आणि तेलाचा मोठा हीटर घेऊन आला. एकही माहितीपत्रक वाचले नव्हते. कुठल्याही जातींची तुलना नव्हती. दीड तासात गेला आणि आला. नोरीन खिडकीतून बघत राहिली. सहा वर्षे वाट बघितलेली बाई होती ती.

त्याने गॅरेजच्या दाराच्या फटींत स्पंज भरला. यंत्राखाली गालिच्याचा तुकडा घातला. हीटर दिवसरात्र चालू ठेवला. चौथ्या दिवशी गॅरेजमध्ये अठरा अंश होते आणि लाल दिवा विझला.

खरे ते सांगायला हवे: कपडे वाळू लागले. स्टँड मिटून ठेवला गेला. दारे पुन्हा दारे झाली. पण भिंतीतली ओल होती तिथेच होती, घर चौदा अंशांवर होते आणि नोरीनची शिट्टी आता बसल्या जागीही ऐकू येत होती.

"घरातला बॉयलर एकोणीसवर ने," ती म्हणाली.

"एकोणीस?" अल्विनने चष्मा काढला. "अगं, तू स्वेटर घालू शकतेस. यंत्राला स्वेटर घालता येतो का?"

"घातला होतास की. माझ्या आईनं शिवलेला."

अल्विनने चष्मा पुन्हा चढवला आणि वही उघडली.

दुसऱ्या दिवशी नोरीन वाळलेले टॉवेल आणायला गॅरेजमध्ये गेली. घड्या घालता घालता रंगाच्या डब्यावर टेकली. पाठीला ऊब लागत होती. हवा कोरडी होती. दहा मिनिटांनी तिच्या लक्षात आले की आपण खोकलेलो नाही. ती तशीच बसून राहिली, हलली तर ते निघून जाईल अशी. टॉवेलांच्या घड्या संपल्या तेव्हा तिने त्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या.

त्या आठवड्यात तिची आरामखुर्ची तिथे गेली. मग रेडिओ. मग विणकामाची पिशवी. डॉट थर्मासमधून चहा आणि रुमालात गुंडाळून गरम स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, घेऊन आली आणि स्वतःसाठी घडीची खुर्ची उघडून बसली.

"बये, बर्म्युडाचं उबदार बेटच झालंय हे!" ती कोट काढत म्हणाली. "बूटही काढू का?"

"काढ. इथे आपण पाहुण्या. मालक तो तिथे फिरतोय."

"मालक गुणी आहे. बोलत नाही, चिकित्सा करत नाही."

"आणि धुणंही वाळवतो माझं."

दोघी हसल्या. नोरीन खोकल्याशिवाय हसली. डॉटने ते पाहिले आणि दुसरा स्कोन तिच्या पुढे केला.

सहा वाजता अल्विन वही घेऊन आला. दोघींमधून वाट काढत तापमापकाजवळ गेला. वाकून बघितले. आणखी वाकून बघितले. त्याचा चेहरा उजळला.

"साडेएकोणीस! तुम्ही दोघी बसल्यामुळे दीड अंश वाढलाय. आता हीटर थोडा कमी करता येईल."

त्याने हात पुढे केला.

"हात लावून तर बघ त्याला," नोरीन म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

अल्विनचा हात हवेतच राहिला.

"नर्सबाई काय म्हणाली होती?"

"कपडे बाहेर काढा म्हणाली. काढले."

"आणि?"

त्याला 'आणि' आठवत होते. ते त्याच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होते.

"मी आता इथेच बसणार," नोरीन म्हणाली. "झोपायला येईन, कारण इथे गादी नाही. बाकी वेळ इथे. घर ज्या दिवशी ह्या खोलीएवढं उबदार होईल त्या दिवशी घरात. जेवणाचं तुझं तू बघ."

"पण नोरीन, एका कपडे वाळवायच्या यंत्राशी तू..."

"मी बरोबरीच मागतेय, अल्विन. जास्त नाही."

तो तीन दिवस एकटा जेवला. पहिल्या दिवशी बीन्स गरम केले. दुसऱ्या दिवशी गार खाल्ले. तिसऱ्या दिवशी नोरीनने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितले तेव्हा तो टोपी घालून टेबलाशी बसला होता आणि हातमोजे न काढता काट्याने बटाटा उचलत होता. तिला वाईट वाटले. मग तिला जानेवारी आठवला, नाकातली नळी, शेजारच्या खाटेवरची बाई जी आठव्या दिवशी तिथे नव्हती. ती गॅरेजमध्ये परत गेली.

चौथ्या दिवशी दुपारी दार किलकिले झाले. अल्विन उभा होता, हातात पाव आणि चीजची बशी. नाकाचा शेंडा लाल. आतली ऊब तोंडावर आली तसे त्याचे डोळे क्षणभर मिटले.

"तिसरी खुर्ची मावेल का इथे?" त्याने विचारले.

"मोजून बघ की," डॉट म्हणाली.

"डॉट, मी माझ्या बायकोशी बोलतोय."

"मग इतके दिवस कुणाशी बोलत होतास?"

तो नोरीनकडे वळला. "आत येऊ?"

नोरीनने विणकाम खाली ठेवले. तिने त्याच्याकडे नीट बघितले. तो एवढासा दिसत होता. सव्वीस वर्षांची असती तर तिने सरकून जागा दिली असती.

"थंडी आत येतेय," ती म्हणाली. "दार लाव."

त्याने घाईने एक पाय आत टाकला.

"बाहेरून."

दार लागले. डॉटने चहा ओतला. मग अंगणातल्या फरशीवर पावले गेली, घराचे दार उघडले, मिटले. थोड्या वेळाने बॉयलर धडाडला, मागच्या भिंतीवरच्या नळकांड्यातून वाफ उसळली आणि अंगणात पसरली.

डॉट कोट शोधू लागली. "चल गं, जिंकलीस."

"बस खाली. घर तापायला तास तरी लागेल. आणि आधी किती केलंय ते बघू दे तरी."

पावले परत आली. दार उघडले नाही. दाराच्या पलीकडून अल्विनचा आवाज आला.

"सतरा केलंय!"

नोरीनने टाके मोजणे चालू ठेवले.

"नोरीन? सतरा म्हणजे पुष्कळ झालं. आकडे बघितले तर..."

"वीस," नोरीन म्हणाली.

"एकोणीस म्हणाली होतीस!"

"ते गेल्या आठवड्यात."

नोरीनने एक खोल श्वास घेतला, सावकाश, तळापर्यंत. आत काही वाजले नाही. मग पावले घराकडे निघाली, या खेपेला जरा भराभर.