रेल्वेच्या पाण्यावरचे समुद्री मासे

किस्से जमवायचे असं मी कधी ठरवलं नव्हतं. पण लातूरसारख्या गावात, समुद्रापासून इतक्या लांब, खाऱ्या पाण्यातल्या माशांचं दुकान टाकलं की ते आपोआप साचत जातात. काचेला शेवाळ धरतं तसंच. आज पुसावं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा आहेच.

आमचा समुद्र पोत्यातून येतो. शुद्ध केलेलं गोडं पाणी घ्यायचं, त्यात ते खास मीठ विरघळवायचं, खारेपणा मोजायचा आणि मासा सोडायचा. दुष्काळाच्या त्या वर्षी गावाला प्यायचं पाणी रेल्वेने येत होतं आणि माझं दुकान उघडं होतं. शेजारचा किराणावाला रोज सकाळी शटर वर करताना विचारायचा, "काय, आला का समुद्र?" मी म्हणायचो, "गाडी लेट आहे."

आणि नेमक्या त्याच वर्षी सगळ्यांच्या माशांना पांढरे ठिपके आले. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे दिसतात. ती एक बारीक कीड असते. माशाच्या अंगावर पोसून खाली पडते, तळाला वाढते आणि पुन्हा माशावर चढते. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे मासा दर थोड्या दिवसांनी नव्या, स्वच्छ भांड्यात हलवायचा आणि जुनं पाणी फेकून द्यायचं. म्हणजे औषध कमी, पाणी जास्त. आणि पाणीच नव्हतं.

* * *

नांदेडच्या एका वकीलसाहेबांना मी फोनवर दुसरा उपाय सांगितला होता. तांबं असलेलं औषध मिळतं, मापात घाला, पण मासा वेगळ्या भांड्यात काढून. साहेबांनी विचार केला, औषधात तांबंच आहे ना, मग घरात काय कमी आहे? देवघरातली कळशी उचलली आणि मोठ्या टाकीत सोडली. सकाळी टाकीतल्या शोभेच्या कोळंब्या आडव्या! त्यांना तांबं अजिबात सोसत नाही.

साहेबांचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. मी समजूत घालत होतो, तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला. "मेल्या त्या मेल्या. त्यांना इचारा, माझ्या कळशीचं हिरवं कशानं निघतंय?"

* * *

उदगीरच्या गिऱ्हाइकांचं त्या काळात एकच चाललं होतं, आमचा जिल्हा वेगळा करा. चहाच्या टपरीवर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. तिथले एक कापडवाले आजारी माशाचा फोटो घेऊन दुकानात आले. मी म्हणालो, "पहिलं काम, आजारी माशाची टाकी वेगळी करा. आजच करा."

त्यांनी फोटो गल्ल्यावर ठेवला. "दुकानदार, इतकी वर्षं बोंबलून राहिलो, आमचं वेगळं होईना. त्याचं आजच करा म्हन्ता?"

मासा मात्र त्यांनी त्याच दिवशी वेगळा केला आणि तो वाचला. नंतर भेटले की ते मुद्दाम सांगायचे, बघा, वेगळं केलं की सुधारणा होते.

* * *

पण सगळ्यांत जास्त किस्से आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातले. बाई दातांच्या. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली मी बसवून दिलेली खाऱ्या पाण्याची टाकी. तीत एक पिवळा मासा, आम्ही त्याला टँग म्हणतो, आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी. ड्रिलचा आवाज ऐकून आलेली पोरं त्या काचेला नाक लावून गप बसत. म्हणून बाईंचा त्यांच्यावर जीव होता.

नंबर लावायला बाईंचे सासरे, तात्या. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. पेशंटला आत सोडतानाही "चला, पुढं सरका, दारात थांबू नका" असंच म्हणायचे. पाण्याच्या बाबतीत फार कडक. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासात. त्यांच्या घरातून थेंब असा फुकट बाहेर जात नसे.

एकदा खुर्चीत आडतीवरचे अप्पा होते. दात काढून झाला, बाईंनी चूळ भरायला कागदी कपात अर्धा कप पाणी दिलं. अप्पांनी कपाकडे बघितलं, मग उघड्या दारातून टाकीकडे. "बाई, माशाला पवायला हाय आन् मला चूळ भरायला न्हाई?"

बाई म्हणाल्या, "ते देऊ का अप्पा? खारंच आहे, हिरड्यांना चांगलं."

अर्धं तोंड बधिर असल्यामुळे अप्पा अर्ध्याच तोंडाने हसले. तात्या हसले नाहीत. दार लावून घेत सुनेला म्हणाले, "लोक बोलून राहिले ते काय खोटं हाय का? देऊन टाका ते मासे."

बाईंनाही ते लागलं होतं. हैदराबादला त्यांच्या ओळखीत एकाकडे मोठी टाकी होती, तो घ्यायला तयार होता. पण मासे बघायला मी गेलो तर तिघांच्याही अंगावर रवा. आजारी मासा कुणीच आपल्या टाकीत घेत नाही. आता द्यायचे तरी आधी बरे करायला हवे होते, आणि बरे करायला पाणी हवं होतं.

* * *

बाईंनी घरातल्या आपल्या वाट्यातून पाणी काढायला सुरुवात केली. अंघोळ ओल्या फडक्यावर आली. मी मीठ कालवून द्यायचो, मासे बादलीतून बादलीत फिरायचे, जुनं पाणी फेकायचं काम तात्यांकडे, आणि बाहेरची मोठी टाकी बिनमाशांची ठेवली, तळाची कीड उपाशी मरावी म्हणून. नुसत्या पाण्याने भरलेली टाकी, तीही त्या दिवसांत. पेशंट तिच्याकडे असे बघायचे की मलाच मान खाली घालावीशी वाटे.

ठिपके गेले. मासे पुन्हा टाकीत सोडले. थोड्या दिवसांत ठिपके परत आले, पहिल्यापेक्षा दाट, आणि एका सकाळी नारिंगी जोडी तळाशी पडलेली मिळाली.

मला काही उमजेना. शेवटी विचारलं, "तात्या, बादल्यांमधलं जुनं पाणी फेकत होता ना?"

"त्याच टाकीतल्या माशांचं होतं," तात्या म्हणाले, "टाकीतच वतलं."

म्हणजे आम्ही काढलेली कीड तात्या दर वेळी इमानाने परत नेऊन सोडत होते. मला राग आला होता, बोलणारही होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "फेकायलाच निघालो हुतो. नालीपोतर गेलो. हात उचलंना माझा."

बाई आत गेल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. पुढचा सगळा दिवस तात्यांनी कुणालाच "पुढं सरका" म्हटलं नाही.

* * *

मग ती टाकी बाईंनी रिकामीच करायची ठरवली. खारं पाणी टाकायचं कुठं, यावर मी डोकं खाजवत होतो. पण बातमी गल्लीत पोचली होती आणि दवाखान्यासमोर बादल्यांची रांग लागली. मी ओरडून सांगितलं, "अहो, समुद्राचं पाणी आहे, काही कामाचं नाही."

पहिल्या नंबरची बाई म्हणाली, "संडासाला काय कळतंय, कुठलं हाय ते?"

तात्यांचा जीव भांड्यात पडला. उत्साहाने पुढे झाले. "रांग मोडू नका, एकाला एकच बादली. मागचे, थोडं थांबा." त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या संडासांची जी बडदास्त होती, ती कोकणातही नसेल. पण टाकीत बोटभर पाणी उरलं तेव्हा बाई तोंड फिरवून उभ्या होत्या, हेही मी बघितलं.

* * *

राहिला पिवळा मासा. तो बादलीत एकटाच. ठिपके उतरले होते, पण दुसरीच कसलीतरी कीड कल्ल्यांत शिरली होती. पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकत होता. अशा वेळी मासा काही मिनिटं गोड्या पाण्यात धरतात. मासा ते सोसतो, कल्ल्यांतली कीड सोसत नाही, सुटून पडते. आजच करायला हवं होतं, उद्यावर टाकण्यासारखं नव्हतं.

मासा वाचला, हे आधीच सांगून टाकतो, कारण किस्सा माशाचा नाही.

माझी बोअर आटलेली. टँकर येणार येणार म्हणत आलाच नव्हता. जारवाल्याचा फोन बंद. बाईंच्या घरात प्यायच्या पाण्याची एक घागर होती, आणि टँकर येईपर्यंत सगळ्यांनी तीच पुरवायची होती. बाईंनी बादलीत बघितलं, मग मला म्हणाल्या, "राहू द्या. शेवटी मासाच आहे तो." मीही म्हणालो, बरोबर आहे. खरंच बरोबर होतं ते, अजूनही मला तसंच वाटतं.

आम्ही दोघं तसेच उभे असताना तात्या आतून आले. खांद्यावर घागर.

बाई पुढे झाल्या. "तात्या, घरात तेवढंच आहे."

"मला म्हाईत हाय. मीच भरली सकाळी."

"मग प्यायचं काय?"

तात्यांनी घागर खाली ठेवली. धाप लागली होती, थोडे थांबले. मग सुनेकडे नाही, बादलीकडेच बघत म्हणाले, "बिलोलीकडं आमच्या गावात आम्हाला हिरीला हात लावू देत नव्हते. आम्ही लेकरं कडंला बसून राहायचो, वंजळ धरून. कुनी येईल, वरून वतील म्हनून. कवा यायचे, कवा न्हाई. पर आम्हाला निदान वरडता तरी यायचं. 'वाढा हो पानी' म्हनता यायचं."



तात्यांनी घागर कलती केली. "ह्याला तेबी येत न्हाई. धर पातेलं."