मेणकापडाच्या दोन पिशव्या

नरसय्या गेल्याची बातमी मला शाळेत कळली. तिसरा तास चालू होता. राजव्वाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भाऊ वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी त्याने काढून हातात धरली होती. त्याला तसा पाहिला आणि काय ते समजलो. तरी मी फळ्यावरचं वाक्य पुरं केलं, खडू ठेवला, हात पुसले आणि मग बाहेर गेलो. असं का केलं, कुणास ठाऊक. वाक्य पुरं होईतो तरी तो आहे, असं काहीतरी मनात असावं... आज त्याला दीड महिना झाला. या पुरवणीच्या संपादकांनी 'तुमच्या रंगारी मित्राविषयी लिहा' असं म्हटलं, तेव्हा मी साफ नाही म्हणालो होतो. चार दिवसांपूर्वी एक गोष्ट घडली आणि लिहायला बसलो. ती गोष्ट शेवटी सांगतो.

नरसय्या साखर पेठेतला रंगारी. घरात तेलुगू, दाराबाहेर अस्सल सोलापुरी मराठी. आमची ओळख झाली ती भांडणातून. आमच्या घरी त्याने रंगवलेल्या सुताचं नवं लाल लुगडं आलं आणि पहिल्याच धुण्यात माझी चार धोतरं गुलाबी करून गेलं. मी तोंडाचा फटकळ. लुगडं बगलेत मारून थेट त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो आणि चौथीच्या पोरांवर ओरडतो तसा ओरडलो. तो आपला शांतपणे सुताच्या लडी पिळत होता. माझी सरबत्ती संपल्यावर त्याने दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत लालभडक. म्हणाला, "मास्तर, लुगड्याचा रंग पान्यात जातो. ह्यो हातावरचा वाळूनं घासला तरी जात न्हाई. तुमी शास्त्र शिकवता न्हवं? मग ह्येचं कारन सांगा की."

झालं! माझा राग जागच्या जागी विरला. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत असा प्रश्न एकाही पोराने विचारला नव्हता. तिथल्याच धुण्याच्या दगडावर बसून मी त्याला सांगितलं, की लोकर, रेशीम, केस, नखं आणि आपली कातडी ही सगळी एका कुळातली. त्या द्रव्याला प्रोटीन म्हणतात. त्याच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि साखळीवर ठिकठिकाणी पकडायच्या जागा असतात. रंगाचा कण आला की तिथे घट्ट धरला जातो. कापूस त्या कुळातला नव्हे. रंग त्याच्यावर पाहुण्यासारखा टेकतो आणि पाणी आलं की उठून चालायला लागतो. नरसय्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की मग मी मेंढरूच म्हणा की! पुढच्या रविवारी त्याने वळसंगच्या धनगराकडून पांढऱ्या लोकरीचा झुपका आणला, सुताबरोबर एकाच पातेल्यात उकळला, दोन्ही धुऊन काढले. लोकर लाल ती लालच राहिली, सूत फिकट पडलं. ते दोन्ही हातात घेऊन हा गृहस्थ सबंध पेठ हिंडला. "आमच्या मास्तरनं सांगितलं तसंच झालं," असं ज्याला त्याला सांगत सुटला. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागलं. तेव्हापासून माझे रविवार त्याच्या अंगणात जाऊ लागले.

पुढे ते नवे जर्मन रंग आले. डब्यात पांढरट पूड. सूत आधी एका औषधाच्या पाण्यात भिजवून पिळायचं. मग पूड तेजाबात विरघळवायची, तिच्यात मसाला, म्हणजे एक खार, आणि बर्फ घालायचा, आणि त्या दुसऱ्या पाण्यात सूत बुडवायचं. डोळ्यांदेखत सुतावर लाल रंग उगवायचा, आणि काही केल्या उतरायचा नाही. पुन्हा कुणाची धोतरं गुलाबी होणार नव्हती! नरसय्या हरखून गेला. राजव्वाच्या मनात मात्र भरेना. तिला त्या पुडीचा वास आवडत नव्हता. हे अंगात जाणार, असं तिने धरूनच ठेवलं. तिने मेणकापडाच्या दोन लांब पिशव्या शिवल्या, दुहेरी टाका घालून, आणि रोज सकाळी नवऱ्याच्या हातावर चढवून कोपराशी नाडीने बांधायला लागली. पिशव्यांनी काम रेंगाळायचं, लडीचा अंदाज यायचा नाही. दोघांची रोज कुरबूर. शेवटी ठरलं की मास्तर सांगतील ते खरं.

मास्तरांना काय, असलं काही हवंच असतं. मी म्हटलं, नुसतं सांगत नाही, करून दाखवतो. बोकडाच्या मुताची पिशवी, खाटीक जिला फुगा म्हणतात ती, पाहिजे होती. खाटकाच्या दारात जायची माझी छाती होईना. ती नरसय्यानेच आणली. आमच्या हेडमास्तरांनी प्रयोगशाळेत नंतर गोमूत्र शिंपडून घेतलं, त्यावर आम्ही दोघं कितीतरी दिवस हसत होतो. त्या पिशवीत मी लाल रंगाचं पाणी भरलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं, तोंड बांधून ती काचेच्या बरणीतल्या स्वच्छ पाण्यात सोडली. दुसऱ्या दिवशी नवराबायको दोघं आली. बरणीतलं पाणी नितळ होतं. त्यात मीठ ओळखायचं चांदीचं औषध घातल्याबरोबर पांढरा साका धरला, म्हणजे मीठ बाहेर आलं होतं, रंग मात्र आतच अडकला होता. मी ऐटीत सांगितलं, की पडदा असा असतो. शरीरात पेशीपेशीला असा पडदा आहे. लहान कण जातो, मोठा अडतो. रंगाचा कण मोठा. तुझ्या कातडीने तो धरून ठेवला आहे, पण आत काही सोडत नाही.

नरसय्याने बरणी उचलून उजेडात धरली. मग म्हणाला, "ह्यो तयार रंग झाला, मास्तर. ती पांढरी पूड?"

"पूड रंगाचीच ना? मग!" मी म्हणालो. घंटा व्हायची वेळ झाली होती.

राजव्वा दाराशी उभी होती. त्या दिवसापासून पिशव्या खुंटीला लागल्या.

त्यानंतर किती वर्षं गेली... चांगली गेली. मग एका रविवारी तो मला बाजूला घेऊन हसत हसत म्हणाला, "मास्तर, तुमचं शास्त्र चुकलं. रंग आता बाहेर पडाय लागलाय." लघवी लाल होत होती. दुखत खुपत काही नव्हतं. मीही हसलो. त्या हसण्याचा मला आज राग येतो. महिन्याभरात तो चिपाडासारखा वाळला, तेव्हा मी त्याला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नाडी धरायच्या आधी विचारलं, की काम काय करता. मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की मूत्राशयात गाठ आहे. परदेशात रंगाच्या कामगारांत ही आढळते. तयार रंगावर संशय नाही, ज्यापासून रंग बनतो त्या पुडींवर आहे. त्या कातडीतून आत शिरतात आणि लघवीवाटे जाताना तिथे तुंबून राहतात. मला ती बरणी दिसली आणि आत लोंबणारी पिशवी दिसली.

परतताना कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. तिथे मी त्याला सगळं सांगितलं. तू विचारलं होतंस आणि मी तुला झिडकारलं, हेही सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, की घरी गेल्यावर एकदा पुडीचा फुगा बांधू. मी म्हटलं, अरे, विरलेल्या पुडीला रंग नाही, बाहेर आली तरी दिसणार कशी? तेव्हा तो म्हणाला, "पान्यात न्हाई दिसायची. सूत सांगतंय की."

पुडीचं पाणी भरलेला फुगा आत सोडून त्याच्या खाटेजवळच बरणी मांडली. दुसऱ्या दिवशी बाहेरचं नितळ पाणी वाटीत काढलं, त्याने सांगितलं तसं तेजाब, मसाला आणि बर्फ घातला. पहिल्या पाण्यातून काढलेला सुताचा एक धागा त्याने स्वतःच्या हाताने वाटीत सोडला. धागा लाल झाला. हळूहळू नव्हे, लगेच. राजव्वा धरून आम्ही तिघंही धाग्याकडे बघत बसलो. एवढी वर्षं मी शास्त्र शिकवलं, पण असा नेमका प्रयोग मला सुचला नव्हता. नरसय्याने धागा धुतला, पिळला, माझ्या हातात दिला. "पेठंला दावा, मास्तर. मी सांगितलं तर म्हनतील, दुखण्यात बडबडतोय. तुमी दावलं हुतं, तुमीच दावा." मी हो म्हणालो.

आणि दाखवलं नाही. सहा महिने तो धागा खिशातल्या पाकिटात घेऊन फिरलो. आज परीक्षा आहेत, उद्या ऊन फार आहे... खरं कारण एकच. प्रयोग दाखवायचा तर पहिला प्रयोग कुणाचा होता, हेही सांगावं लागणार. आयुष्यभर पोरांच्या चुकांवर लाल रेघ मारणाऱ्या माणसाला आपली एक चूक चारचौघांत सांगवेना. नरसय्याने पुन्हा कधी विचारलं नाही. मी गेलो की डोळे उघडायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा आणि परत मिटायचा. असाच गेला.

चार दिवसांपूर्वी राजव्वाला भेटून निघालो होतो. पलीकडच्या बोळात एक तरणा रंगारी कोपरापर्यंत उघडे हात पुडीच्या पाण्यात घालून लडी उलटत होता. मी ओरडलोच. तो मला ओळखत नव्हता. अगदी समजूत घातल्यासारखा म्हणाला, "काय हुत न्हाई वो, काका. साळंतल्या एका मास्तरनं फुगा बांदून दावलंय. नरसय्यानं समद्या पेठंला सांगितलंय, आत जात न्हाई म्हनून."

तो मास्तर मी. हे लिहायला बसलो ते एवढं सांगण्यासाठी. मी दाखवलं ते अर्धं होतं आणि सांगितलं ते चूक होतं. पूड आत जाते. येत्या रविवारपासून मी बरणी घेऊन पेठेत बसणार आहे, नरसय्याच्याच अंगणात. ज्याला पाहायचं त्याने यावं, ज्याला माझ्या तोंडावर बोलायचं त्यानेही यावं.

काल राजव्वाकडे जाऊन तिला हे सांगितलं. ती आत गेली आणि त्या दोन पिशव्या घेऊन आली. खुंटीवर राहून मेण थोडं तडकलं आहे, टाके मात्र जसेच्या तसे आहेत. म्हणाली, "ह्या दावा लोकास्नी. अशा शिवायच्या म्हनावं." आता त्या माझ्या टेबलावर आहेत. मघाशी एकीत हात घालून पाहिला. तिने त्याच्या हाताचं माप घेऊन शिवली होती. माझा हात आत सैल पडतो.