प्रताप नगरात बांधलेली गुराब

आमच्या जेवणाच्या टेबलावर जहाज उभं आहे, त्यामुळे आम्ही जेवतो ओट्यापाशी. घरी येणारा प्रत्येक जण आधी जहाजाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारतो, "जयपूरमध्ये? जहाज?" हा विनोद आपल्यालाच सुचला अशी प्रत्येकाची समजूत असते. मी हसते. न हसून सांगते कुणाला! रात्रभर गाडीत बसल्याशिवाय इथून समुद्र दिसत नाही, आणि आम्ही दोघं मूळचे सांगलीकडचे. आमच्या सात पिढ्यांत कुणी होडीत बसलंच असेल तर ते कृष्णा ओलांडायला, तेही जीव मुठीत धरून.

जहाज बांधलं ते ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने. विम्याच्या ऑफिसात जन्म काढला, बदल्या होत होत जयपूरला आले, आणि निवृत्त झाल्यावर "इथली हवा कोरडी, गुडघ्यांना बरी" म्हणून प्रताप नगरात फ्लॅट घेऊन इथेच राहिले. गुडघे खरंच बरे राहिले. गेला तो हात. एका सकाळी दात घासताना ब्रश खाली पडला आणि ह्यांना कळलंच नाही. पक्षाघात. चालणं आणि बोलणं देवाच्या कृपेने लवकर परत आलं. बोलणं तर जरा जास्तच आलं. उजवा हात मात्र रुसून बसला. खांद्यातून हलायचा, पण बोटांत ना जोर, ना जाण. एकदा गरम चहा त्या बोटांवर सांडला आणि हे आपले पेपर वाचतायत. मी किंचाळले तेव्हा ह्यांनी मान खाली घालून हाताकडे बघितलं, शेजाऱ्याच्या हाताकडे बघावं तसं. त्या दिवशी मी नळ सोडून मोरीत बसून रडले.

मला त्या हाताकडून एकच काम हवं होतं, आणि ते मी कुणाला बोलले नव्हते. माझ्याकडे सासूबाईंची ठुशी आहे. जुन्या पद्धतीची, मागे हूक नाही, नुसते दोन गोंड्यांचे दोर. गळ्याबरोबर बसेल अशी गाठ मारायची. सैल झाली तर घसरते, घट्ट झाली तर जीव घाबरा होतो. लग्न झाल्यापासून ती गाठ ह्यांनीच मारली. सणाला, लग्नाकार्याला मी आरशापुढे उभी, हे मागे, आणि ठरलेलं एक वाक्य, "हलू नकोस." आमच्या संसारात लाडाकोडाचं म्हणावं असं एवढंच. एरवी आमचं बोलणं म्हणजे भाजी काय करू आणि गॅसचा नंबर लावला का. आजारपणानंतर ठुशी कपाटात गेली. लेक म्हणाली, "आई, मतलब, हूक लावून घे ना." खालच्या मजल्यावरच्या भाभीजी म्हणाल्या, "लाओ, मैं बाँध दूँ." मी सगळ्यांना सांगितलं की हल्ली ती टोचते. टोचते कसली डोंबल! दुसऱ्या कुणाच्या हातची गाठ मला नको होती.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. गोड, हसरी, आणि ह्यांना 'अंकलजी' म्हणायची. तिने दिला मुलांच्या खेळण्यातला चिखल, कपड्यांचे चिमटे आणि वाटीभर राजमा. एकेक दाणा उचला आणि दुसऱ्या वाटीत टाका. हे भडकले. "मी काय बालवाडीत आहे?" राजमा तसाच राहिला, शेवटी मी त्याची उसळ केली.

मग बेंगळुरूहून लेकीने खोकं पाठवलं. आत लाकडी जहाज जोडायचं सामान. बारीक पट्ट्या, छोटी करवत, कानस, चिमटे आणि वर चित्रात तोफांनी खच्चून भरलेलं इंग्रजी जहाज. ह्यांनी चष्मा लावला, चित्र बघितलं आणि खोकं बंद केलं. "इंग्रजांचं जहाज मी बांधू? आपल्याकडे काय जहाजं नव्हती?" बघा आता! जन्मात समुद्रावर भेळ खाण्यापलीकडे काही केलं नाही, आणि अभिमान असा की जणू आरमारातच नोकरी केली. दोन दिवस संगणकावर शोधाशोध करून ह्यांनी मराठ्यांची गुराब काढली. गुराब म्हणजे लढाऊ जहाज. दोन डोलकाठ्या, खाली पाण्यात घुसणारं अणकुचीदार तोंड. हत्यारं इंग्रजांच्या खोक्यातली आणि जहाज आपलं, असा हिशेब ठरला. सांगानेरला छपाईचे ठसे कोरणाऱ्या कारखान्यात शिसवीचे उरलेले तुकडे मिळतात, ते आम्ही रिक्षातून आणले, आणि कोपऱ्यावरच्या सुतारभैयाने त्यांच्या पातळ पट्ट्या चिरून दिल्या.

आणि माझ्या घराचं पार मातेरं झालं. पट्टी वाकवायची तर आधी गरम पाण्यात भिजवायची, म्हणून माझी चहाची पातेली गेली. आठवडाभर चहाला लाकडाचा वास. वाकवलेली पट्टी सांगाड्याच्या बरगड्यांवर धरून ठेवायची, म्हणून व्यायामाचे आणि दोरीवरचेही सगळे चिमटे जहाजावर, आणि माझे कपडे वाऱ्यावर. खालच्या भाभीजी ह्यांचा टॉवेल परत द्यायला दोनदा वर आल्या. पण खरं सांगू का, मी तोंडाने कितीही कटकट केली तरी मनात खूश होते. हे सकाळी उठून आपणहून टेबलाशी बसायचे, मी जवळ गेले की मात्र काम थांबवायचे. फळ्या बसल्या, पोट भरलं, डोलकाठ्या उभ्या राहिल्या. मी व्यायामाच्या मुलीला अभिमानाने सांगायची, "अंकलजी का हाथ देखो, क्या काम कर रहा है!"

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी दोर येतात आणि त्यांना आडवे दोर बांधून शिडी करतात, खलाशांना वर चढायला. प्रत्येक ठिकाणी एक बारीक गाठ. एका बाजूच्या गाठी पुऱ्या झाल्या आणि मी बघतच राहिले. एकसारख्या, घट्ट, देखण्या. म्हटलं, जिंकलं! आता ठुशी कपाटातून काढायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाजीला गेले आणि पिशवी विसरले म्हणून परत आले. दार उघडं होतं. हे जहाजावर वाकलेले. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात. सगळं डावाच करत होता. आणि उजवा? उजवा टेबलावर आडवा, दोऱ्याचा गुंडा सरकू नये म्हणून त्यावर ठेवलेला. पेपरवेट!

माझं डोकंच फिरलं. "अहो, हे काय चाललंय? इतके महिने हे जहाज डाव्या हाताने बांधताय?"

"डावा हातही माझाच आहे," हे म्हणाले.

"मग उजवा कुणाचा? माझ्या माहेरचा?"

एरवी ह्यावर हे हसले असते. हसले नाहीत. दोरा दातातून काढला आणि म्हणाले, "तो माझं ऐकत नाही. आणि तो ऐकत नाही ते तू बघत उभी राहतेस ना, ते मला सोसत नाही. तुझा चेहरा बघवत नाही मला."

 मी पिशवी घेतली आणि भाजी आणायला गेले. काय आणलं ते आठवत नाही, ओझं मात्र पुष्कळ आणलं.

संध्याकाळी व्यायामाची मुलगी आली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, चांगल्या हाताला रोज थोडा वेळ सुट्टी द्यायची, म्हणजे दुसऱ्याला उठावंच लागतं. त्यासाठी डाव्या हातात जाड मोजा घालायचा. घरात जाड मोजा एकच, ओव्हनमधलं भांडं काढायचा, लाल, त्यावर कोंबडी. तोच घातला. आणि मी एक नियम माझ्यासाठी केला. मोजा चढला की मी बाल्कनीत. दार ओढून. काहीही आवाज आला तरी आत यायचं नाही, बघायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही.

बाल्कनीत बसणं म्हणजे शिक्षाच हो. आतून वस्तू पडल्याचे आवाज, मग ह्यांच्या खास सांगली शिव्या, मग शांतता. शांतता सगळ्यात वाईट. मी तुळशीची वाळलेली पानं इतकी खुडली की तुळस बोडकी झाली. दुसऱ्या बाजूची एकेक गाठ अशा शिव्यांत आणि शांततेत तयार होत होती. वेडीवाकडी, काही सैल, काही गुंतलेल्या. मी काही म्हणायची नाही. कौतुकही नाही. कौतुक केलं की लहान मुलासारखं वाटतं म्हणे.

अशात दोरा संपला. संक्रांत जवळ आली होती, आणि जयपुरात संक्रांत म्हणजे पतंग. गल्लीगल्लीत दोऱ्याच्या चरख्या टांगलेल्या. हे स्वतः खाली गेले आणि दुकानदाराला रुबाबात म्हणाले, "भैया, सबसे मज़बूत वाला देना." आता पतंगाच्या दुकानात सगळ्यात मजबूत म्हणजे काय मिळणार? साधा दोरा इथे 'सद्दा' म्हणून मागायचा असतो. ह्यांनी आणला तो मांजा. काच लावलेला. इतकी वर्षं इथे राहून हे कळू नये! पण पतंग उडवायच्या दिवशी आम्ही मराठी लोक तिळगुळाचा पाक बघत बसतो, त्याला कोण काय करणार.

मोजा चढला, मी बाल्कनीत गेले, आणि थोड्याच वेळात आतून आवाज आला, "आई गं!"

नियम गेला खड्ड्यात. मी धावले. ह्यांनी उजवा हात वर धरलेला, पहिल्या बोटातून रक्ताची धार.

"काय झालं?"

"काय झालं काय! कापलं! आग आग होतेय!"

मी हळद आणायला वळले आणि जागीच थांबले. "अहो, आग होतेय?"

"मग काय गार लागतंय?" हे ओरडले, आणि तेही थांबले. दोघांनी त्या बोटाकडे बघितलं. ज्या बोटाला उकळता चहा कळला नव्हता, त्याला मांजाची चीर कळली होती. मी हळद दाबली तर हे पुन्हा ओरडले. मी आणखी जरा दाबली. हो, मुद्दाम! आणि मग मला हसू आलं, ते आवरेचना, हसता हसता रडूही.

"माणूस रक्तबंबाळ झालाय आणि ही दात काढतेय," हे म्हणाले, पण त्यांचेही डोळे भरलेले होते. मी शिरा केला. भरपूर तुपाचा. खाली भाभीजींना वाटी नेऊन दिली तेव्हा त्यांनी विचारलं, काय खुशखबर? म्हटलं, "इनकी उँगली कट गई." बिचाऱ्या वाटी हातात धरून बघतच राहिल्या.

पुढचं काम सद्द्यावर झालं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी गुराब पुरी झाली. एका बाजूने बघा, दृष्ट लागावी अशी. दुसऱ्या बाजूने बघा, वादळातून आल्यासारखी. हे म्हणाले, ही बाजू उसवून पुन्हा करतो. मी म्हटलं, "खबरदार! त्या बाजूला हात लावाल तर." आता दारातून दिसते ती तीच बाजू.

संक्रांतीला हळदीकुंकू आमच्याकडे होतं. सकाळपासून गच्च्यांवर "वो काटा!" चालू, वरून स्पीकर, आकाशात पतंगांची गर्दी. दुपारी मी काळी साडी नेसून आरशापुढे केस सारखे करत होते. हे मागे येऊन उभे राहिले. हातात ठुशी.

कपाटातून कधी काढली देव जाणे. मी म्हटलं, "राहू द्या हो, बायका यायची वेळ झाली."

"हलू नकोस," हे म्हणाले.

मी हलले नाही. गोंडे मानेवर सरकले, निसटले, पुन्हा आले. थंड बोटं मानेला लागत होती, दोन्ही हातांची. ह्यांचा श्वास जोरात चाललेला. दाराची बेल वाजली. पुन्हा वाजली. दारात इथल्या मराठी मंडळाच्या बायका "अहो, आहात का?" म्हणून हाका मारतायत आणि मी आरशात ह्यांच्या खाली झुकलेल्या कपाळाकडे बघत उभी. डोळे पुसायचीही सोय नव्हती. हात हलवला असता तर गाठ सुटली असती.

"झालं," हे म्हणाले, आणि पलंगावर बसले. घामाघूम. जानेवारीत.

मी दार उघडलं. बायका म्हणाल्या, "अगबाई, किती दिवसांनी ठुशी! टोचत नाही आता?" म्हटलं, नाही.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी ठुशी काढायला मागे हात घातला. गाठ सापडली, पण सुटेना. ओढली, तर आणखी आवळली. ह्यांना बोलावलं. ह्यांनी चष्मा लावून बघितलं, आणि चक्क अभिमानाने म्हणाले, "ही जहाजाची गाठ आहे. वादळातसुद्धा सुटत नाही."

"ते ठीक आहे. पण काढायची कशी?"

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बांधायचीच शिकलोय. सोडायची अजून नाही आली."

त्याला आता बरेच दिवस झाले. मी ठुशी घालूनच अंघोळ करते, झोपते, दूध आणते, कोथिंबिरीसाठी भांडते. भाजीवाला म्हणाला, "आंटीजी, शादी में जा रही हो क्या?" लेक फोनवर म्हणते, "आई, कात्रीने काप ना सिंपली." घरातली कात्री मी लपवून ठेवली आहे. आणि हे रोज जेवण झालं की उजव्या हाताने माझ्या मानेशी खटपट करत बसतात, सोडवायला शिकतोय म्हणतात. मी म्हटलं, सावकाश शिका.