रस सुटेपर्यंत

त्या वर्षी वैशाखातच आभाळ भरून आले, आणि सकाळी अर्घ्य देताना माझे चित्त मंत्रापेक्षा अंगणातील बरण्यांकडेच अधिक राहू लागले.

मुलगा मुंबईच्या नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन आला होता. त्याने आणि सूनबाईने आमच्या बागेतील रातांब्यांचे अमृतकोकम करून विकण्याचे आरंभिले होते. पुण्याच्या एका दुकानदाराची पहिली मोठी मागणी आली होती. ती पुरी झाली तर दोघे रत्नागिरीत राहणार, न झाली तर पावसाआधी मुंबईला परतणार, असे ठरले होते. त्याविषयी घरात कोणी बोलत नसे.

रातांब्याच्या सालींच्या वाट्यांत साखर भरून बरण्या उन्हात ठेवल्या, की साखर विरघळून लाल रस आपसूक सुटतो. अग्नी नको, पाणी नको. केवळ ऊन हवे. तेच नव्हते. साखर सालींत पांढरीच्या पांढरी राहिली होती.

"बाबा, तुमचा सूर्यनारायण आमचा पार्टनर खरा," मुलगा म्हणाला, "पण फोनच उचलत नाही."

"रोज अर्घ्य घेतो ना? मग आमची ऑर्डरही घाला त्याच्या कानावर," सूनबाई म्हणाली.

दुपारी मात्र मुलाचा धीर सुटला. एक बरणी पातेल्यात रिकामी करून त्याने गॅसवर उकळली. रस तत्काळ सुटला. पण रंग काळवंडला आणि चवीला काकवीचा जडपणा आला. सूनबाईने चमचा चाटून खाली ठेवला.

"हे मी पाठवणार नाही."

"मग काय पाठवणार? रिकाम्या बाटल्या?"

ती पातेले उचलून आत गेली.

सायंकाळी मी सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, देवळात गेलो. अनवाणी प्रदक्षिणा घालताना तळव्यांना ऊब जाणवली. सूर्य दिवसभर ढगांआडून क्वचितच डोकावला होता. तरी जांभ्याच्या उघड्या कातळाने तेवढे ऊन धरून ठेवले होते. आमचे अंगण पोफळींच्या सावलीत, गार. प्रदक्षिणा मी पूर्ण केली, पण मन केव्हाच घरी पोहोचले होते.

दुसऱ्या सकाळी टेंपोतून बरण्या सड्यावर गेल्या. राखणीला मी बसणार होतो.

"आणि वानर आले तर?" मुलाने विचारले.

"काठी आहे."

"काठी कसली! तुम्ही त्यांना नमस्कार कराल."

वानर आले नाहीत, पण संगमेश्वराच्या बाजूने रोज दुपारी गडगडे. सहस्रनाम म्हणताना एखादे नाम गळे; पुन्हा आरंभापासून म्हणावे लागे. एके दिवशी खरोखरच थेंब पडले. मी धावत जाऊन बरण्यांवर ताडपत्री ओढली आणि तिच्या कडा दाबून तिथेच बसून राहिलो. सर थोडक्यात ओसरली. ताडपत्री उचलण्याचा धीर मात्र मला होईना. अखेर सूनबाई आली आणि तिनेच ती दूर केली.

बरणी तिने किंचित कलती केली. साखर कुठेच नव्हती. साली लालभडक रसात बुडाल्या होत्या.

"सुटला," ती म्हणाली, आणि कातळावरच बसली.

माल पुण्याला गेला. दुकानदाराने लगेच आणखी मागितला, तेव्हा मुलगा फोनवर म्हणाला, "आता पुढच्या वैशाखात. ऊन देईल तेवढा." नंतर त्याने राजीनामा पाठवला.

व्यवसाय आता बरा चालतो. तरीही वैशाखात ढग दिसले की मी प्रदक्षिणेला लवकर निघतो, आणि पहिले पाऊल कातळावर टेकवताना श्वास रोखून धरतो.