पंचावन्नवर आलेली हवा

सायकलचं पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या भागाला दुकानातली माणसं चिमटा म्हणतात. डोंगरात चालवायच्या सायकलींच्या चिमट्यात हवा आणि तेल भरलेलं असतं, म्हणून दगडधोंड्यांवरून उतरताना हातांचा खुळखुळा होत नाही. हे चिमटे खोलण्यात आणि भरण्यात ज्यांनी अठ्ठावीस वर्षं घालवली, त्यांना सगळे चिमटेकाका म्हणायचे. खरं नाव बायकोला तेवढं ठाऊक असावं, आणि तिचंही 'अहो'वर भागत होतं.

काका कारागीर अव्वल, पण हेकेखोर. गिऱ्हाइकाला वजन कधी विचारायचे नाहीत. "वजनाबाबत देवमाणूससुद्धा थापा मारतो," म्हणायचे. हेल्मेट, पाठीवरची पिशवी, पाण्याची भरलेली बाटली असा सगळा जामानिमा करून या आणि भिंतीला धरून सायकलवर बसा. चिमट्याच्या नळीवर एक रबरी कडं असतं. माणूस बसला की चिमटा दबतो आणि कडं वर ढकललं जातं. कमी सरकलं तर काका हवा सोडायचे, जास्त सरकलं तर भरायचे, आणि जमलं की हवेचा आकडा तारखेसकट वहीत टिपायचे. चिमट्याच्या मागे कंपनीने वजनाचं आणि हवेचं कोष्टक चिकटवलेलं असे. त्याच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. कोष्टक वाचून हवा भरायची तर मी इथे कशाला बसलोय, असा त्यांचा सवाल.

त्यांची एकुलती एक लेक त्यांच्याच हातची सायकल चालवायची. लहानपणी गुटगुटीत, म्हणून घरात ठमी. आता सव्वीस वर्षांची, शाळेत खेळ शिकवणारी. तीन वर्षं खपून तिने डोंगरातल्या मोठ्या शर्यतीत जागा मिळवली होती. शर्यत जूनच्या पहिल्या रविवारी होती.

फेब्रुवारीत ती म्हणाली, "बाबा, पुढून कडक लागतंय. हात दुखतात." काकांनी हवा थोडी सोडली. "आता लोण्यासारखं चालतंय," ती म्हणाली आणि काका दोन दिवस मिशीत हसत होते. मार्चमध्ये पुन्हा कडक, पुन्हा हवा सोडली, आणि पुढेही दर महिन्याला सोडावी लागली. पाणी पुरत नाही म्हणाली, त्यांनी बाटलीसाठी दुसरी कडी बसवली. एप्रिलमध्ये सीट टोचते म्हणाली, त्यांनी जाड गादीची सीट आणली. मे महिन्यात चढावर पाय भरून येतात म्हणाली, त्यांनी मागचं चक्र हलकं चालणारं टाकलं. तक्रार आली रे आली की काकांचा हात पान्याकडे जायचा.

"अहो, पोरगी वाळत चाललीय," बायको म्हणायची. "झोपेतून चार-चारदा उठते. घटाघटा पाणी पिते."

"डोंगर चढतेय ती. चरबी झडणारच. तुला ती जन्मभर ठमीच हवी."

बायकोने नाद सोडला. यंत्राची कुरकुर ऐकणारे हे कान घरच्या माणसासाठी बंद का होतात, हे कोडं तिला लग्नापासून सुटलेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी ठमी दुकानात आली. "बाबा, उद्या शर्यत आणि अजून कडकच लागतंय."

काकांनी अख्खा चिमटा खोलला. सील नवीन, तेल स्वच्छ, नळीवर ओरखडा नाही. पुन्हा जोडला, तिला बसवलं, हवा सोडली. कडं जागेवर येईना. आणखी सोडली. आलं तेव्हा पंपावरचा काटा पंचावन्नवर होता. पंप बिघडला असं समजून त्यांनी दुसरा लावला. पंचावन्न. तिसरा शेजारच्या दुकानातून आणला. तोही पंचावन्नच.

मग नाइलाजाने त्यांनी चिमट्यामागची धूळ अंगठ्याने पुसली आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कोष्टक वाचलं. पंचावन्नसमोर पन्नास किलो लिहिलं होतं. छापणाऱ्याला एक शिवी हासडून त्यांनी वही उघडली. जानेवारीत शहात्तर. मग बहात्तर, सदुसष्ट, त्रेसष्ट, एकोणसाठ. अक्षर त्यांचंच होतं. शहात्तरसमोर कोष्टकात सहासष्ट किलो होतं.

त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून धापा टाकत होती, आणि ती तर नुसती बसून होती. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरलं होतं. गळ्याची हाडं वर आली होती. ही पोर रोज त्यांच्यासमोर जेवायला बसत होती. पाच महिने कडं नेमकं जागेवर यायचं, आणि कडं जागेवर आलं म्हणजे सगळं ठीक, असं ते धरून चालले होते.

"बाबा, काय झालं?"

काकांनी वही बगलेत मारली. तेलाच्या हातांनीच त्यांनी तिला उचललं. ती सहज उचलली गेली, आणि ते तसेच रस्त्याकडे धावले.

इस्पितळात तिच्या रक्तातली साखर यंत्राला मोजता येईना, इतकी वर गेली होती. "तिचं शरीर साखर वापरतच नाहीये, म्हणून स्वतःलाच खात होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उद्या हिने डोंगर चढला असता तर वाटेतच बेशुद्ध पडली असती. कदाचित परत आलीच नसती. आज आणलंत म्हणून वाचेल. आता इन्सुलिन कायमचं."

बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती.

सुई टोचलेल्या हाताने ठमीने त्यांना जवळ बोलावलं. "बाबा, झालं का मऊ?"

"झालं," काका म्हणाले.

डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढला. "वजन केव्हापासून उतरतंय? साधारण अंदाज सांगा."

काकांनी बगलेतली वही पुढे केली. हवेचा आकडा कोणता आणि त्याचं वजन कसं काढायचं ते खालच्या मानेने सांगितलं. बाईंनी एकेक ओळ वाचत पानं उलटली. तारखा होत्या, आकडे होते, एकही महिना सुटलेला नव्हता.

"इतकी बारीक नोंद आमच्याकडे कुणी आणत नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या. "कुणी ठेवली ही?"

बायकोने मान वळवून पाहिलं.

"मी," काका म्हणाले.